टेकाडाचा कोरडा कोपरा

फार जुनी गोष्ट आहे. समुद्राला अजून नावही मिळालं नव्हतं, तेव्हा त्याच्या काठी एक सखल गाव होतं. गावाच्या मधोमध मातीचं टेकाड होतं, पूर्वजांनी टोपली टोपली माती वाहून रचलेलं. वादळात पाणी गावात शिरलं की सगळे त्यावर चढून बसत. पावसाने टेकाड झिजायचं, म्हणून दर साली त्यावर माती घालायची रीत होती.

पण किती घालायची? पाटलांनी सोपा नियम काढला. "गेल्या साली जेवढी वादळं झाली, यंदा घरटी तेवढे दिवस माती वाहायची."

नियम सगळ्यांना पटला. मग एक साल शांत गेलं, दुसरंही गेलं. तिसरंही तसंच गेलं, तेव्हा लोक टेकाडाचीच माती चुली लिंपायला घरी नेऊ लागले.

त्या गावात एक तरुण आई होती. लेकरू शिंकलं तरी तिला धडकी भरायची. तिचं तिलाच हसू यायचं, पण धडकी काही जायची नाही.

एका सकाळी दूरदूरचे समुद्र ओलांडून आलेला म्हातारा कुरव पक्षी तिला किनाऱ्यावर दिसला. तिने विचारलं, "बाबा, यंदा वादळ येईल का?"

कुरव म्हणाला, "लांबच्या समुद्रात पाणी तापलं की वादळ जन्मतं, पोरी. पण उंच आभाळात जोराचं वारं असलं, तर ते त्याचं डोकंच उडवतं. ज्या साली ते वारं मंदावतं, त्या साली वादळ वाढत वाढत काठाला येतं."

"मग यंदा?"

"ते मला ठाऊक नाही. मागची तीन सालं शांत गेली ती तुमच्या टेकाडाला भिऊन नव्हे, एवढं ठाऊक आहे."

दुसऱ्या दिवसापासून ती लेकराला पाठीशी बांधून टेकाडाच्या एका कोपऱ्यावर माती टाकू लागली.

"काय सूनबाई, समुद्राने सांगावा धाडला वाटतं?" पाटील हसले.

"नाही हो, काका. कदाचित येणारही नाही वादळ."

"मग कशाला जीव शिणवतेस?"

"येणार हे कळेल, तेव्हा टोपली उचलायला वेळ नसेल म्हणून."

लोकांचंच खरं असेल, असं घरी परतताना तिला रोज वाटायचं. सकाळी टोपली मात्र हातात असायची.

तेही साल शांतच गेलं. गाव पोट धरून हसलं. तीही ओशाळून हसली, आणि माती घालत राहिली.

पुढल्या साली भर दुपारी समुद्र गावात आला. सगळे टेकाडावर धावले, पण झिजलेल्या टेकाडावरही कमरेइतकं पाणी चढलं. कोरडा राहिला तो तिचा कोपरा. तेवढ्या जागेत माणसं मावणार किती?

पाटलांनी खांद्यावरचा नातू तिच्या हाती दिला. "सूनबाई, सगळ्यांची पोरं वर घे. आम्ही आहोत खाली."

मोठी माणसं हातात हात गुंफून कोपऱ्याभोवती कडं करून उभी राहिली. लाटांच्या बाजूला, सगळ्यांत बाहेर, पाटील उभे राहिले.

संध्याकाळी पाणी ओसरलं. एकही लेकरू कमी नव्हतं. बाहेरच्या कड्यातली काही माणसं मात्र नव्हती. पाटीलही नव्हते.

नातवाला कडेवर घेऊन ती झिजलेल्या टेकाडाकडे बघत राहिली. आपण आणखी चार टोपल्या टाकायला हव्या होत्या, एवढंच तिच्या मनात येत होतं.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव टोपल्या घेऊन आलं. गेल्या साली वादळं किती झाली, हे त्यानंतर तिथे कुणी विचारलं नाही.

लहानथोरांनो, शांत गेलेलं साल उसंत देतं, अभय देत नाही.