फांदी फांदी खाली उतरलेला पहारेकरी

एका जंगलात, ओढ्याच्या ज्या वळणावर भर उन्हाळ्यातही पाणी टिकून राही, तिथे एक म्हातारा वानर पहाऱ्याचे काम करीत असे. काठावर अर्जुनाचे उंच झाड होते. त्याच्या शेंड्यावर बसून चहूकडे पाहायचे आणि बिबट्या दिसला की ओरडायचे, एवढेच त्याचे काम. खाली चितळांचा कळप पाणी पीत असे. कळपाची एक जुनी रीत होती. वानर ओरडला की क्षणभर वर बघायचे आणि त्याचे तोंड ज्या दिशेला असेल तिच्या उलट दिशेला पळत सुटायचे. तो गप्प आहे तोवर माना खाली घालून निर्धास्त प्यायचे. अशी अकरा वर्षे गेली होती, आणि त्या पाणवठ्यावर कळपातले एकही जनावर दगावले नव्हते.

मुलांनो, हे काम ऐकायला सोपे वाटते. एकदा करून बघा. दिवसभर एका जागी बसायचे, ऊन डोक्यावर घ्यायचे आणि काही घडू नये म्हणून डोळे ताणून ठेवायचे. काही घडले नाही तर शाबासकी कोण देणार? घडलेलेच नसते काही. वानर थकून गेला होता. पण थकलो असे म्हणायचीही त्याला सवय राहिली नव्हती.

पाच वर्षांपूर्वी त्याला लांबचे धूसर दिसू लागले, तेव्हा तो घारीकडे गेला होता. घार ही त्या जंगलातली डोळ्यांची वैद्य. दोन टेकड्या ओलांडल्यावर जो कडा लागतो, तिथे तिचे बसणे असे. तिने डोळे नीट तपासून नंबर काढून दिला. तो घेऊन वानर खारीकडे गेला आणि खारीने बांबूच्या कामटीची चौकट वळून, काचा बसवून चष्मा तयार केला. चष्मा नाकावर चढताच समोरच्या टेकडीवरच्या मोराचा तुरासुद्धा दिसला आणि वानर लहान पोरासारखा हसला. घारीने त्याला निघतानाच बजावले होते, "आजोबा, दर वर्षी पळस फुलला की येऊन जा. चष्मा तोच राहतो, डोळे तेच राहत नाहीत."

पुढच्या वर्षी पळस फुलला. वानराच्या मनात आले, आपण गेलो तर पहारा कोण करणार? कारण खरे होते. खरी कारणेच फार घात करतात, मुलांनो. खोट्या कारणाची निदान मनाला लाज तरी वाटते. दुसऱ्या वर्षी त्याचे गुडघे धरले होते. तिसऱ्या वर्षी कोणीतरी सांगितले की घारीकडे हल्ली रांग फार असते. चौथ्या-पाचव्या वर्षी पळस फुलून झडून गेला तरी त्याचे तिकडे लक्षच गेले नाही.

चष्मा मात्र तो वेळोवेळी नवा करून घेई. कधी दांडी मोडे, कधी काचेवर चरे पडत. खारीची ढोली दोनच झाडे पलीकडे होती, तिथे जायला गुडघ्यांची तक्रार नसे. प्रत्येक वेळी खार विचारी, डोळे तपासून घेतलेत का? आणि प्रत्येक वेळी वानर दमलेल्या आवाजात म्हणे, "अगं, डोळे तेच, नाक तेच. जुन्याच नंबरच्या काचा बसव आणि मोकळी हो." खारीला ते पटत नसे. पण गिऱ्हाईक वयाने मोठे, त्यातून घाईत असलेले. ती मुकाट्याने जुन्याच नंबरच्या काचा बसवून देई. नव्या काचा स्वच्छ असत, म्हणून दोन दिवस वानराला बरे दिसल्यासारखे वाटे आणि तेवढ्यावर तो वर्ष काढी.

हळूहळू शेंड्यावरून खालचा काठ नीट दिसेनासा झाला. अशा वेळी शहाण्याने डोळे दाखवावेत. वानराने काय केले? तो एक फांदी खाली उतरला. तिथून काठ दिसला. काही महिन्यांनी आणखी दोन फांद्या उतरला. कोणी विचारलेच तर वर वारा फार लागतो असे सांगे. असे करत करत तो सगळ्यात खालच्या जाड फांदीवर येऊन बसला. तिथून पाणी पिणारी चितळे त्याला स्पष्ट दिसत. ज्यांना राखायचे ते दिसतात, म्हणजे पहारा चालू आहे, असे त्याने मनाशी ठरवून टाकले. ज्याच्यापासून राखायचे तो किती लांबून दिसतो, हे त्याने स्वतःला विचारले नाही.

संध्याकाळ झाली की त्याचे डोके ठणके. डावीकडची फांदी हाताला लागण्याआधी खांद्याला लागे. एकदा उतरताना डाव्या अंगाला असलेले बुलबुलाचे घरटे त्याने धक्का देऊन पाडले आणि वर बुलबुलालाच सुनावले की घरटे कुठे बांधावे याची तुम्हाला अक्कल नाही. नाचता येईना अंगण वाकडे. त्याला आत कुठेतरी कळत होते, पण वळत नव्हते. दमलेल्या जिवाला सगळ्यात जड जाते ते उठून दोन टेकड्या चढणे.

कळपात एक तरुण हरिणी होती. तिला त्या वर्षी पहिलेच पाडस झाले होते. महिन्याभराचे ते पोर पळू लागले की चारही पाय चार दिशांना जात. वानराचा त्याच्यावर जीव होता. तो कोवळा पाला तोडून खास त्याच्यासाठी खाली टाकी, आणि पाडस तो अर्धा खाई, अर्धा तुडवी. हरिणीचाही वानरावर पूर्ण विश्वास होता. पाडसाला शेजारी उभे करून ती मान खाली घालून सावकाश पाणी पिई.

वैशाखातली दुपार होती. वारा पडला होता, त्यामुळे कोणाला कसलाच वास येत नव्हता. कळप पाण्यावर आला. डावीकडच्या करवंदीच्या जाळीतून बिबट्या पोटावर सरकत पुढे येत होता. वानराला तो दिसला नाही. तिथे त्याला अंधार दिसत नव्हता की धूसरही दिसत नव्हते. जिथली नजर गेलेली असते तिथली ती गेली आहे हेसुद्धा दिसत नाही. उजवीकडे मात्र झुडपांखाली त्याला काहीतरी पिवळट, ठिपक्याठिपक्यांचे, लांबट असे दिसले. त्याने चष्मा पुसला, पुन्हा पाहिले, आणि तो उजवीकडे तोंड करून जिवाच्या आकांताने ओरडला.

कळपाने रीतीप्रमाणे वर पाहिले आणि रीतीप्रमाणे सगळा कळप उलट दिशेला, डावीकडे धावला.

मोठी चितळे बिबट्याला पाहताच कशीबशी वळली. पाडसाला तेवढे चपळ वळता आले नाही. बिबट्याने ते तोंडात धरून नेले. उजवीकडे झुडपांखाली एक वठलेला ओंडका पडला होता आणि त्याच्यावर पानांतून ऊन पडले होते.

ऊन उतरेपर्यंत हरिणी काठावर उभी होती. वानर झाडावरून उतरून तिच्याजवळ गेला. वय झाले, ऊन फार होते, दिवसभर डोके दुखत होते, अशी सगळी नेहमीची कारणे त्याच्या ओठांवर आली आणि त्याला त्यांची शिसारी आली. हरिणी रागावली असती तर बरे झाले असते. ती नुसती म्हणाली, "आजोबा, आम्ही तुमच्या तोंडाकडे बघून पळालो."

दुसऱ्या दिवशी वानर दोन टेकड्या चढून घारीकडे गेला. रांगेत बसला. तपासून होईपर्यंत अर्धा दिवस गेला. पाच वर्षे जे जमले नाही, ते एवढेच होते.

घारीने आधी लांबच्या खडकावरची मुंग्यांची रांग दाखवली. ती त्याला दिसेना. नंबर बराच वाढला आहे, त्याला नव्या काचा चालतील, असे ती म्हणाली. मग तिने दोन्ही पंख पसरले आणि त्याला सांगितले, "फक्त माझ्या चोचीकडे बघा. नजर हलवू नका. पंखाचं टोक हललं की सांगा."

त्याच्या उजवीकडचे टोक हलले तसे त्याने लगेच सांगितले. मग तो वाट बघत राहिला. बराच वेळ झाल्यावर म्हणाला, "आता डावीकडचा हलवा की."

"आजोबा," घार म्हणाली, "मी तो कधीची हलवतेय."

घारीने त्याला समजावून सांगितले की याला काचबिंदू म्हणतात. तो दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेने नजर खात येतो. गेली ती नजर परत येणार नाही. डोळ्यांत औषधाचे थेंब नेमाने घातले तर उरलेली टिकेल. वानराने विचारले, दर वर्षी आलो असतो तर? घार म्हणाली, "तर मी दर वर्षी पंख हलवून बघितला असता."

परत आल्यावर त्याने कळपासमोर सगळे खरे सांगितले आणि पहारा सोडला. त्याच्या जागी एक तरुण वानरी बसू लागली, पण आधी घारीकडे जाऊन डोळे दाखवून आली आणि मगच शेंड्यावर चढली. म्हातारा वानर नेमाने थेंब घालतो आणि झाडाच्या बुंध्याशी बसून राहतो. खारीने त्याला नव्या नंबरचा चष्मा करून दिला आहे. त्यातून समोरचे सगळे अगदी स्वच्छ दिसते. हरिणी पाण्यावर एकटीच येते, तेही दिसते.

तात्पर्य : चष्मा नवा करण्याआधी डोळे तपासून घ्यावेत, आणि काही दुखत नसले तरी दर वर्षी तपासावेत; वाढलेल्या नंबराला नवी काच मिळते, गेलेल्या नजरेला मिळत नाही.