वैद्यबुवांचे एकवीस आरसे

एका लहानशा नगरात एक साधासुधा राजा होता आणि त्याच्या पदरी एक राजवैद्य होते. नाव विश्वंभरबुवा. बुवांच्या हाताला गुण होता, याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. पण बुवांना स्वतःचं कौतुक जरा जास्तच होतं. कुणी खोकला तरी म्हणायचे, "असाच एक खोकला मी मागे तीन दिवसांत पळवला होता." खोकणारा बिचारा खोकणं विसरून ऐकत बसायचा.

राजाच्या आईचे गुडघे फार दुखायचे. डोळ्याला डोळा लागायचा नाही. बुवा विजयेच्या पानांचं तूप करून द्यायचे, तेव्हा कुठे आईसाहेबांना झोप यायची. विजया म्हणजे आपली भांगच. वैद्यांच्या घरी तिला विजया म्हणतात, एवढंच.

आता भांगच ती. बागेत लावली की गावचे रिकामटेकडे कुंपणावरून हात घालून ओरबाडून न्यायचे. औषधाला काडी उरायची नाही. शेवटी बुवांनी शक्कल लढवली. राजवाड्यामागच्या एका कोठीत त्यांनी कुंड्या मांडल्या आणि दाराला कुलूप घातलं. कोठीला एकच मोठी खिडकी. म्हणून बाहेरच्या अंगणात पाच पितळी आरसे उभे केले. आरशांनी ऊन धरायचं आणि खिडकीतून आत रोपांवर टाकायचं. सूर्य सरकेल तसे आरसे फिरवणं आणि कुंड्यांना पाणी घालणं, हे काम ठकूबाई माळणीकडे आलं.

रोपं तरारली. राजा स्वतः बघून गेला आणि भर दरबारात म्हणाला, "सूर्याला घरात आणणारा वैद्य फक्त आमच्याकडे आहे." झालं! बुवांचे पाय जमिनीला लागेनात. पाचाचे अकरा आरसे झाले, अकराचे एकवीस झाले. कुणी रोगी दाराशी आला की बुवा त्याला आधी आरसे दाखवायचे आणि मग त्याची नाडी बघायचे.

फाल्गुन लागला, ऊन तापलं आणि रोपं बिघडली. शेंड्याची पानं पिवळी पडली. त्यांच्या कडा वर वळून पानांच्या होड्या झाल्या. काही कडा करपून कुरकुरीत झाल्या. आईसाहेबांचं तूप तर जेमतेम दोन महिने पुरेल एवढंच उरलं होतं.

बुवांनी इलाज सुरू केले. पानं पिवळी आहेत म्हणजे उपासमार, असं म्हणून शेणखताचं पाणी दिलं. फरक पडला नाही. पानं वळलीत म्हणजे तहान, असं म्हणून दोनदाचं पाणी चारदा घालायला लावलं. कुंड्यांत चिखल झाला, पानं वळायची काही थांबली नाहीत. एकदा तर त्यांनी काविळीचा काढाही मुळाशी ओतला. रोपं बोलत नाहीत म्हणून, नाहीतर त्या दिवशी बुवांना चार शब्द ऐकावे लागले असते.

राजाने विचारलं, "वैद्यराज, रोपांना झालंय काय?"

बुवांना उत्तर येत नव्हतं. येत नाही म्हणायची सवयही नव्हती. ते बोलून गेले, "माळीण हयगय करत असावी."

राजा म्हणाला, "पाडव्यापर्यंत रोपं सुधारली नाहीत, तर ठकूबाईने दुसरीकडे काम बघावं."

ठकूबाईचं सगळं आयुष्य त्या बागेत गेलं होतं. केस तिथेच पांढरे झाले होते. या वयात, हयगयीचा ठपका घेऊन, तिला दारात कोण उभं करणार होतं? पण तिने आदळआपट केली नाही. पाडव्याच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, ती बुवांना कोठीत घेऊन आली.

"बुवा, दुखणेकऱ्याकडे गेलात की पहिलं काय विचारता?"

"कुठे दुखतं ते विचारतो."

"मग यांचं कुठे दुखतंय, तेवढं बघा."

बुवा वाकले. खालची पानं गर्द हिरवी होती. बिघाड होता तो फक्त शेंड्याला.

ठकूबाई म्हणाली, "उपाशी झाड खालची पानं आधी सोडतं. शेंडा शेवटपर्यंत जपतं. इथे उलटं झालंय. आणि माती ओली असून ही पानं सकाळी सरळ असतात, दुपारी वळतात, ऊन कललं की पुन्हा सैल पडतात. तहान काय अशी वेळ बघून लागते?"

"मग दुखणं कसलं आहे?"

"ते मी कशाला सांगू? तुम्ही पागोटं काढा आणि शेंड्याच्या उंचीला डोकं धरून जरा बसा."

बुवांना राग आला. पण हिचं खोटं ठरवायचं तर बसायलाच हवं होतं. त्यांनी पागोटं काढलं आणि दोन कुंड्यांच्या मधे उकिडवे बसले. बुवांना चांगलं गुळगुळीत टक्कल होतं. एकवीस आरशांचं ऊन त्या टकलावर येऊन बसलं. पंचवीस आकडे मोजून होईतो बुवांचं डोकं तव्यासारखं तापलं. पन्नासाला ते पागोटं शोधत उठले. रोपं मात्र तिथे रोज दिवसभर उभी होती, तीही बिनपागोट्याची.

बुवांना सगळं कळलं. आणि पाठोपाठ आणखीही एक गोष्ट कळली. सोळा आरसे आज गुपचूप उचलले, तर रोपं सुधारणार होती. कुणाला पत्ताही लागला नसता. पण करपलेलं पान पुन्हा हिरवं होत नाही. नवी पालवी यायला दहाएक दिवस हवेत, आणि पाडवा तर उद्यावर आला होता. आपण गप्प बसलो, तर उद्या ठकूबाई बाहेर. बुवांना घास गोड लागेना. एवढ्या नावाजलेल्या माणसाने भर दरबारात काय सांगायचं, याची त्यांना फार लाज वाटत होती.

पाडव्याला दरबार भरला. ठकूबाई गाठोडं बांधूनच आली होती. बुवा पुढे झाले.

"महाराज, रोपांना ऊन बाधलं. ते ऊन मी आणलं. ठकूबाईवर मी न बघता बोट ठेवलं."

राजा चकित झाला. "अहो, पण त्याच आरशांचं आम्ही कौतुक केलं होतं."

"पाच आरसे रोपांसाठी होते, महाराज. बाकीचे सोळा त्या कौतुकासाठी होते."

कुणीतरी हसलं. बुवांनी ते ऐकून घेतलं. राजाने ठकूबाईला गाठोडं सोडायला सांगितलं.

सोळा आरसे निघाले. दुपारपुरता खिडकीला मलमलीचा पडदा लागला. छपराजवळ झरोका पाडून कोंडलेली गरम हवा बाहेर सोडली. करपलेली पानं तशीच राहिली. पण दहाव्या दिवशी शेंड्याला पोपटी पालवी आली आणि ती भर दुपारीही सरळ राहिली. ठकूबाईने बुवांना हाक मारून दाखवली. बुवा लहान पोरासारखे खूश झाले.

जुन्या तुपाची बरणी खरवडून संपली, त्याच दिवशी नवं तूप तयार झालं. बुवा ते घेऊन आईसाहेबांकडे गेले. आईसाहेबांनी चमचा हातात घेतला आणि जरा थांबल्या.

"बुवा, इतकी वर्षं तुमचं औषध तोंडात घालताना मी आधी देवाचं नाव घ्यायची. हा माणूस चुकला तर सांगायचा नाही, अशी मला धास्ती होती."

"आणि आज, आईसाहेब?"

"आज नुसतं घेते," असं म्हणून त्यांनी चमचा तोंडात घातला.

तात्पर्य: काही बिघडलं की त्यात आपला हात किती, हे आधी तपासावं आणि सापडलं तर चारचौघांत सांगावं. स्वतःची चूक सांगू शकणाऱ्या माणसावरच लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात.