दोन थेंब

निवृत्त प्राचार्य खानविलकरांची ऑटोमॅटिक गाडी झटके देत होती. शाळा अर्धवट सोडलेली मेकॅनिक निलोफर म्हणाली, "गिअरबॉक्सचं तेल जळलंय. बदलावं लागेल."

"कंपनीचं तेल जन्मात खराब होत नाही. या अडाणी पोरीला आजच कामावरून काढा," सरांनी गॅरेजच्या मालकाला बजावलं. न बघताच सगळं कळतं, हा म्हाताऱ्यांचा जुना आजार.

सर पाठमोरे असताना तिने गाडीतल्या तेलाचा एक थेंब कागदावर टाकला आणि शेजारी नव्या डब्यातला. एक लालभडक, दुसरा काळा, करपलेल्या वासाचा. आम्ही गॅरेजमधली सगळी पोरं वाकून बघू लागलो.

"सर, यातला तुमच्या गाडीतला कुठला?"

सरांनी ऐटीत लाल थेंबावर बोट ठेवलं. "आणि हा काळा कचरा फेकून दे."

"फेकते की. तोच तुमच्या गाडीतला आहे."

मालकाने सरांना खुर्ची दिली आणि निलोफरला पाना.