चेतापेशीला मिळालेलं काम

आमच्या अख्ख्या आळीत माझ्यासारखं डोकं कुणाचं नाही, असं मी गेली साठ वर्षं सांगतोय. दुसरं कुणी म्हणत नाही, म्हणून मलाच सांगावं लागतं.

मी आईच्या पोटात चिंचोक्याएवढा होतो, तेव्हाची ही गोष्ट. माझ्या त्या डोक्यात स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी नुकत्याच जन्मल्या होत्या. प्रत्येकीने एक लांब धागा सोडायचा, एखादा स्नायू गाठायचा आणि त्याला जन्मभर हलवायचं. बदल्यात स्नायू तिला जेवू घालणार. जिला स्नायू मिळाला नाही, ती उपाशी मरणार.

त्यातली एक अगदी माझ्यावर गेली होती. पापणीचा स्नायू दिसला, तर म्हणाली, "दिवसभर उघडझाप कोण करणार?" ओठाचा दिसला, तर म्हणाली, "ह्या माणसाची बडबड मला नाही बाई झेपायची." मग दुसऱ्या पेशींच्या धाग्यांना चुकीचे रस्ते दाखवून ती खिदळत बसली.

बघता बघता सगळ्या स्नायूंना पेशी मिळाल्या. हिचा धागा भुकेने आखडायला लागला. तेवढ्यात कानामागे एक बारकासा स्नायू एकटाच बसलेला दिसला. तिने जीव खाऊन त्याला पकडलं, पण तोरा काही उतरला नव्हता.

"नशीबवान आहेस रे! आता बघ, मी तुला जन्मभर कशी नाचवते ते!"

स्नायूने ताट पुढे सरकवलं. म्हणाला, "तू आधी पोटभर जेव, बाई. कान हलवायचं काम माणसाला कधी पडतच नाही."