कळघरातला ‘नका’

खूप जुनी गोष्ट आहे. तेव्हा वेळ पाण्याने मोजत आणि अंतर बैलाच्या दमाने. लहानथोर हो, त्या काळी नदीकाठच्या एका राज्यात कळघरं होती.

कळघर म्हणजे कळ फिरवून चालणाऱ्या, हिकमतीच्या वस्तूंचं दुकान. थेंब थेंब टाकून वेळ सांगणारी पाणघड्याळं, किल्ली दिली की वाजणाऱ्या पेट्या, दोरी ओढली की हलणारे पंखे, वाऱ्यातही न विझणारे दिवे, असं सगळं तिथे मिळायचं. एका हुन्नरी माणसाने पहिलं कळघर उघडलं. त्याला सगळे थोरले धनी म्हणत. त्याच्या हयातीतच एकाची बारा झाली. निळा दरवाजा आणि त्यावर पितळी चक्र दिसलं, की परका वाटसरूही ओळखायचा की कळघर आलं.

तशा वस्तू जत्रेतही मिळत. कळघराची ख्याती निराळ्याच गोष्टीसाठी होती. तिथे प्रत्येक दुकानात एक जाणतं माणूस बसायचं. दुकानातली प्रत्येक वस्तू त्याने खोलून, पुन्हा जोडून पाहिलेली असायची. गिऱ्हाईक आलं की जाणतं माणूस आधी विचारायचं, "कशाला हवंय?" सगळं ऐकून घ्यायचं. आणि वस्तू त्या कामाची नसेल, तर सरळ सांगायचं, "घेऊ नका."

हा हक्क थोरल्या धन्यांनीच दिला होता. ते म्हणत, "‘घ्या’ तर बोहारीणही म्हणते. लोक आपल्याकडे येतात ते ‘नका’ ऐकायला."

त्यामुळे त्या राज्यात एक रीतच पडून गेली. कळघरात कोणी ‘घ्या’ची वाट बघत नसे. वस्तू जाणत्याच्या पुढ्यात ठेवायची आणि क्षणभर थांबायचं. ‘नका’ आलं नाही, की वस्तू उचलून घरी न्यायची.

नदीकाठच्या गावातल्या कळघरात म्हाळसाकाकू बसायच्या. बावीस वर्षं त्या एकाच बैठकीवर होत्या. पाणघड्याळाला कान लावून त्या सांगायच्या की याचं भोक बुजायला लागलंय. वाती तपासून तपासून त्यांची बोटं कायमची काळी झाली होती.

गावातले म्हातारे त्यांची थट्टा करत. "काकू, सून पाहायला गेलो तेव्हा इतके प्रश्न नव्हते विचारले. तुम्ही एका पंख्यापायी विचारताय."

काकू म्हणत, "सुनेला तोंड असतं, ती आपलं सांगते. पंख्याचं मलाच सांगावं लागतं."

पुढे थोरले धनी वारले आणि कारभार त्यांच्या मुलाकडे आला. धाकटे धनी वाईट नव्हते, हे आधी सांगून ठेवतो. ते उमेदीचे होते, पण घाईचे होते. तीन वर्षांत त्यांनी बाराची चाळीस कळघरं केली. दरवाजे आणखी उंच झाले, पितळी चक्रं आणखी मोठी झाली.

एकदा ते नदीकाठी आले आणि अर्धा दिवस काकूंच्या शेजारी बसून राहिले.

"काकू, सकाळपासून पाच माणसं रिकाम्या हाताने गेली," ते म्हणाले.

"परत येतील, धनी."

"कधी?"

काकूंना ते सांगता येईना. माणूस कधी सहा महिन्यांनी येई, कधी त्याचा मुलगा येई. पण येई, हे नक्की.

"चाळीस दारं उघडी ठेवायची आहेत मला," धाकटे धनी म्हणाले. "आत आलेला माणूस तसाच बाहेर जाता कामा नये."

परत गेल्यावर त्यांनी हुकूम काढला. आजपासून कोणत्याही कळघरात ‘नका’ हा शब्द उच्चारायचा नाही. जो उच्चारेल त्याने त्याच दिवशी घरी जायचं.

दुसरी अडचण होती ती जाणत्यांची. चाळीस दुकानांना चाळीस जाणती माणसं आणायची कुठून? एक माणूस जाणतं व्हायला दहा वर्षं लागतात. पोपट एका पावसाळ्यात तयार होतो. म्हणून नव्या कळघरांत पोपट बसवले. ते गोड बोलत. "घ्या, घ्या. उत्तम आहे. पिढ्यान्‌पिढ्या टिकेल." जुन्या कळघरांतही जाणत्याच्या डोक्यावर एकेक पिंजरा टांगला गेला. दर पंधरवड्याला धन्यांचा माणूस यायचा आणि जाणतं माणूस काय काय बोललं, ते पोपटाकडून वदवून घ्यायचा.

त्याच सुमारास डोंगरापलीकडे एक व्यापारी उभा राहिला. त्याला दुकानच नव्हतं. त्याच्याकडे होती हजारो कबुतरं. हवी ती वस्तू चिठ्ठीवर लिहायची, चिठ्ठी कबुतराच्या पायाला बांधायची, की चार दिवसांत वस्तू उंबऱ्याशी, आणि तीही कळघरापेक्षा स्वस्त. मग लोक काय करू लागले? कळघरात यायचे, किल्ली फिरवून बघायचे, काकूंना खोदून खोदून विचारायचे, आणि बाहेर पारावर जाऊन कबुतर उडवायचे. खोटं कशाला बोला, त्यात गावातले भलेभले होते. काकूंना ते खिडकीतून दिसायचं. शहाणपण इथलं न्यायचं आणि वस्तू तिकडची आणायची, यात आपण काही वाईट करतोय असं कोणाला वाटलंच नाही.

कबुतरवाल्याला गाठायचं म्हणून धाकट्या धन्यांनी स्वस्त माल बनवून घेतला. तो कळघरात आला, तसा काकूंनी नवा दिवा खोलला. काचेचा सांधा कथलाने जोडायला हवा, तो लाखेने जोडला होता. ज्योतीच्या आचेने लाख मऊ होणार, काच सुटणार आणि वाऱ्याची एक झुळूकही त्या दिव्याला पुरणार. काकूंनी दिवा पुन्हा जोडला आणि फळीवर ठेवला.

त्या आठवड्यात मालू नावाडी आला. थंडीचे दिवस होते. सकाळी नदीवर इतकं धुकं दाटायचं, की नावेच्या टोकाला दिवा टांगल्याशिवाय समोरच्या नावेला आपली नाव दिसत नसे. त्याचा जुना दिवा वडिलांच्या वेळचा होता. तो आता पार झिजला होता.

मालूने फळीवरचा नवा दिवा काकूंच्या पुढ्यात ठेवला. "काकू, नावेला लावायचाय. बघा जरा."

"घ्या, घ्या. उत्तम आहे," वरून पोपट म्हणाला.

"तुला कोण विचारतंय रे? तू मिरची खा," मालू हसला. "मी काकूंना विचारतोय."

काकूंनी दिवा हातात घेतला. शब्द जिभेवर आला होता. त्यांनी पिंजऱ्याकडे पाहिलं. पोपट मान वाकडी करून ऐकत होता. बावीस वर्षांची बैठक, आणि आपण उठलो तर या गादीवर हाच बसणार, असं त्यांच्या मनात आलं. निदान आपण इथे असलेलं बरं, असंही आलं. माणूस स्वतःची समजूत फार लवकर घालतो. त्या ‘घ्या’ म्हणाल्या नाहीत आणि ‘नका’ही म्हणाल्या नाहीत. त्यांनी पदराने काच पुसली आणि दिवा मालूसमोर ठेवला.

मालू क्षणभर थांबला. "बरं," म्हणाला आणि दिवा घेऊन गेला.

सहाव्या दिवशी सकाळी भर नदीत काच गळून पडली आणि दिवा विझला. समोरून मडक्यांनी भरलेली नाव येत होती. तिला धुक्यात काही दिसलं नाही. बुडालं कोणी नाही, पण दोन नावांच्या मध्ये मालूचा उजवा हात सापडला. हात राहिला, पण वल्हं धरण्याजोगा राहिला नाही.

दोन महिन्यांनी मालू कळघरात आला. हात गळ्यात बांधलेला होता. तो बैठकीसमोर येऊन उभा राहिला, तसं काकूंच्याच तोंडून निघून गेलं, "मालू, मी ‘घ्या’ म्हणाले नव्हते रे."

"नव्हतात म्हणाला," मालू म्हणाला. "पण ‘नका’पण म्हणाला नाहीत. मी तेवढ्यावरच घेतला, काकू. माझ्या बापानेही तसाच घेतला होता."

तो वळून दाराकडे निघाला. वरून पोपट म्हणाला, "उत्तम आहे."

मालूची गोष्ट एका घाटावरून दुसऱ्या घाटावर गेली. नावाड्यांना ती नदीच्या शेवटच्या गावापर्यंत पोचवायला आठ दिवसही लागले नाहीत. लोकांनी वस्तू घेणं आधीच कमी केलं होतं, आता त्यांनी विचारायला येणंही सोडलं.

काकू पायी राजधानीला गेल्या. धाकट्या धन्यांना त्यांनी सगळं सांगितलं, स्वतःचं गप्प बसणंही सांगितलं.

धन्यांचा चेहरा उतरला. "काकू, माल असा आहे हे मला तेव्हाच का नाही कळवलंत?"

"कशाने कळवू, धनी? तो शब्दच तुम्ही बंद केला होता. आणि मीही तो गिळला."

धाकट्या धन्यांनी दुसऱ्या दिवशी नवा हुकूम काढला. ‘नका’ पुन्हा चालू. चाळीस कळघरांतल्या पोपटांना तो शब्द घाईघाईने शिकवला गेला. पोपट शिकलेही. त्यांना फक्त तो कुठे म्हणायचा हे कळत नव्हतं. "घ्या, घ्या. घेऊ नका. उत्तम आहे. नका, नका, घ्या." लोक पोट धरून हसले. नंतर हसायलाही कोणी येईना.

मग दारं मिटू लागली. आधी डोंगरातली, मग पेठांमधली. पितळी चक्रं काढून तांबटांकडे गेली आणि त्यांची घंगाळी झाली. एक जाणता, ज्याची बोटं सगळी पाणघड्याळं ओळखत, तो जत्रेत फुटाणे विकताना दिसला. पोपटांना सोडून दिलं, तर त्यांना झाडावरचं फळ फोडता येईना. ते देवळाच्या भिंतीवर बसून जाणाऱ्या-येणाऱ्याला "उत्तम आहे" म्हणत राहिले.

शेवटी नदीकाठचं कळघर उरलं. तेही बंद व्हायच्या दिवशी उरलासुरला माल मिळेल त्या भावाला काढायचा होता. गर्दी झाली. इतकी माणसं काकूंनी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. शेजारच्या गावची एक बाई आपल्या जावेला घेऊन आली आणि तिने दिवा उचलला.

"बाई, घेऊ नका," काकू म्हणाल्या. "याचा सांधा लाखेचा आहे. तापला की सुटतो."

बाईने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग ती जावेला म्हणाली, "ऐकलंस? चांगला माल घरच्यांसाठी ठेवायचा असेल."

काकूंनी एक दिवा फोडला आणि नखाने लाख खरवडून दाखवली.

"दाखवायला एक खोटा ठेवलेलाच असतो," जाऊ म्हणाली. दोघींनी दोन दोन दिवे घेतले.

काकूंनी त्यांना दारापर्यंत जाऊन पुन्हा सांगितलं. रस्त्यावर येऊनही सांगितलं. त्या दोघी भराभर चालू लागल्या, तशा काकू थांबल्या. आत येऊन त्यांनी उरलेले दिवे एकेक करून फोडले. तोवर फळीवर फार थोडे उरले होते.

पुढे त्या राज्यात सगळं कबुतरावरूनच येऊ लागलं. काही चांगलं यायचं, काही वाईट यायचं. कोणतं कसं, हे विचारायला जावं असं ठिकाण मात्र कुठे राहिलं नाही. वस्तू बिघडली की लोक ती नदीच्या उतारावर टाकत आणि नवी चिठ्ठी लिहीत.

या गोष्टीतून पदरात घ्यायचं ते एवढंच: ज्याला ‘नका’ म्हणायची मुभा नाही, त्याच्या ‘घ्या’वर कोणी विसंबत नाही, आणि एकदा उडालेला विश्वास हुकूम काढून परत आणता येत नाही.