अर्ध्या तासाची पारख

कायम वास्तव्याचा अर्ज फेटाळला, तर देवयानीला नवऱ्याला परदेशात सोडून एकटीनेच इचलकरंजीला परतावं लागणार होतं. आणि मुलाखत घेणारा साहेब तर सिंहासनावर बसल्यासारखा खुर्चीत बसला होता.

"लग्नाआधी कितीदा भेटलात?" त्याने विचारलं.

"एकदाच. हिच्या घरी, बघण्याच्या कार्यक्रमात. अर्धा तास," तिचा नवरा निशिकांत चाचरत म्हणाला.

साहेब खो खो हसला. "अर्ध्या तासात जन्माचा जोडीदार? कुणाला बनवताय? खरं जोडपं मी पाच मिनिटांत ओळखतो. तुमचं लग्न खोटं आहे, नुसतं इथे राहायला मिळावं म्हणून केलेलं!"

निशिकांत घाईघाईने पिशवीतून लग्नाचे फोटो काढू लागला. देवयानी मात्र शांतपणे म्हणाली, "साहेब, तुम्ही पाच मिनिटांतच निकाल लावलात, आम्ही निदान अर्धा तास तरी घेतला. शिवाय तुम्ही चुकलात, तरी संध्याकाळी घरी जाऊन आरामात जेवाल. आम्ही चुकलो असतो, तर जन्मभर भोगलं असतं. मग नीट पारखून कोणी पाहिलं असेल?"

शेजारच्या टेबलावरची बाई फाइलीआड हसू लागली. साहेबाने घसा खाकरला आणि अर्जावर मंजुरीचा शिक्का मारला.

बाहेर येताच निशिकांतने छाती फुगवली. "म्हणजे अर्ध्या तासात पारखलंस मला!"

"कसला अर्धा तास? त्यातली वीस मिनिटं तुमच्या आईच बोलत होत्या!"