दहा सेकंदांची शिदोरी

घरोघर नव्याने सीडी वाजू लागल्या, तेव्हाची गोष्ट. इरावतीकाकूंच्या माडीवर एक भारी स्टिरिओ होता. मंगळागौरीच्या खेळांच्या सरावाला पंधराजणी जमल्या, फुगड्या सुरू झाल्या, तशी फळ्यांची जमीन हादरली आणि स्टिरिओचं गाणं तीनदा अडकलं.

काकूंनी भाचीचा स्वस्तातला, पिशवीत मावणारा सीडी प्लेअर आणून वायरने स्टिरिओला जोडला.

"आता याचं गाणं आम्ही म्हणायचं?" स्टिरिओचे मोठे स्पीकर कुरकुरले.

"माझ्यात एवढा आवाज नाहीच," प्लेअर म्हणाला. "तो तुम्हीच द्या."

फुगड्या पुन्हा रंगल्या. कपाटातल्या बशा किणकिणल्या, पण गाणं एकदाही अडखळलं नाही.

"इतके हादरे बसूनही तुला जमलं कसं?" स्टिरिओने विचारलं. त्याच्या बोलण्यात आता तोरा नव्हता.

"मी एसटीच्या प्रवासात वाढलो. धक्का बसणार, हे धरूनच चालतो. पुढचं दहा सेकंदांचं गाणं आधीच वाचून शिदोरीसारखं जवळ ठेवतो. धक्का बसला की ते पुरवतो आणि तोवर सावरतो."

"चला गं, आता झिम्मा घेऊ," काकू म्हणाल्या.

स्पीकर हळूच म्हणाले, "झिम्म्याला पाय जोरात पडतात. तू आहेस ना?"